रुग्णाला काय ऐकू आलं

१९९०च्या दशकात प्रोस्टेट कॅन्सरवर काम करणाऱ्या बहुतेक सर्जनांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या आजारावरच्या उपचारांची रँडमाइज्ड ट्रायल होणं शक्य नाही. ऑपरेशन करायचं, रेडिओथेरपी द्यायची की नुसतं लक्ष ठेवायचं, हे चिठ्ठी टाकून ठरवायला कोण तयार होईल? प्रयत्न झाले होते आणि फसलेही होते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलला पुरेशी माणसं न मिळाल्याने एक ट्रायल गुंडाळावी लागली होती. अमेरिकेत १९९४ ते २००२ या काळात भरती चाललेल्या पिव्हट नावाच्या ट्रायलसाठी ५०२३ पुरुष पात्र ठरले, त्यांतले ७३१ तयार झाले. म्हणजे साधारण सातांत एक. रुग्ण ऐकतच नाहीत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या ऑक्टोबर २००२च्या अंकातला पाच पानांचा निबंध दाखवतो, की रुग्ण फार नीट ऐकतात. इतकं नीट, की डॉक्टरांना आपण जे बोललो नाही असं वाटतं, तेही त्यांच्या कानी पडतं.

डोनोव्हन ब्रिस्टल विद्यापीठातल्या, समाजशास्त्राच्या अंगाने आरोग्याकडे पाहणाऱ्या संशोधक. लेखकांच्या यादीत शेवटची दोन नावं डेव्हिड नील आणि फ्रेडी हॅम्डी या यूरॉलॉजिस्टांची आहेत. प्रोटेक्ट नावाची मोठी ट्रायल उभी करण्याआधी शेफील्ड, न्यूकॅसल आणि ब्रिस्टल इथे १९९९पासून जो पूर्वतयारीचा अभ्यास झाला, त्यातून हा निबंध निघाला. अशा अभ्यासांवरचं लेखन बहुधा कोरडं असतं. अमुक जणांना विचारलं, तमुक हो म्हणाले, पुढची ट्रायल शक्य दिसते, सबब अनुदान द्यावं. मी अशी टिपणं भरभर चाळून बाजूला ठेवतो. हा निबंध मात्र ठेवून दिला आहे तो परत परत काढून वाचण्यासाठी.

त्याची खुमारी कळायची तर पायलट अभ्यासाकडून अपेक्षा काय करायची, हे आधी स्पष्ट हवं. पायलट म्हणजे छोटी ट्रायल, अशी समजूत रूढ आहे. चाळीस-पन्नास रुग्ण जमले, फरक काही दिसला नाही, की शीर्षकाला ‘पायलट स्टडी’ एवढे दोन शब्द चिकटवून मोकळं व्हायचं, ही युक्ती आपल्या प्रबंधांनाही अनोळखी नाही. वास्तविक शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही जागाच नव्हे. शीत दाबून पाहायचं ते भात चुलीवर चढल्यानंतर. पायलटचं काम त्याच्या कितीतरी आधीचं: चूल पेटते का, घरात तांदूळ किती आहेत, जेवायला किती माणसं येणार आहेत. ३० जणांच्या गटात २१ जणांना गुण आला तर आपण ७० टक्के म्हणून खूश होतो, पण एवढ्याशा गटावरून खरा आकडा ५१ ते ८५च्या दरम्यान कुठेतरी असेल इतकंच म्हणता येतं. असल्या सैल आकड्यावर दोन उपचारांत डावं-उजवं करू जाणं व्यर्थ. २०१६मध्ये सँड्रा एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी ट्रायलच्या अहवालांसाठीच्या कॉन्सॉर्ट या नियमावलीला पायलट ट्रायलसाठी पुरवणी जोडली, तिचाही रोख हाच आहे. उपचार लागू पडतो का, हे पायलटला विचारू नका. मोठी ट्रायल करता येईल का आणि कशी, हे विचारा. कुठल्या आकड्यावर पुढे जायचं आणि कुठल्या आकड्यावर थांबायचं, हेही आधीच लिहून ठेवा.

ही पुरवणी यायच्या १४ वर्षं आधी डोनोव्हन यांच्या गटाने विचारलेला प्रश्न अस्सल पायलटचा होता. माणसं चिठ्ठीला नकार देतात, तो नक्की कशाला?

शीर्षकापासूनच गंमत सुरू होते. मोठ्या ट्रायलमध्ये एका कोपऱ्यात रुग्णांच्या चार मुलाखती ठेवण्याची पद्धत आहे. तो भाग गुणात्मक संशोधनाचा. निधीत त्याचा वाटा थोडा, आणि मुख्य निष्कर्षांच्या खाली त्याला एखादा परिच्छेद मिळतो. इथे शीर्षक म्हणतं, की आम्ही ट्रायलच गुणात्मक संशोधनात बसवली. पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल झाली आहे. शल्यचिकित्सेच्या जगात संख्येला असलेला मान लक्षात घेतला, तर या अदलाबदलीवर दोन यूरॉलॉजिस्टांनी सही करावी, याचं मला आजही कौतुक वाटतं. निबंधाचा साचाही नेहमीचा नाही. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, चर्चा ही चाकोरी सोडून अडचण काय होती, ती कशी ओळखली, काय बदललं, बदलल्यावर काय झालं, या क्रमाने तो पुढे सरकतो. त्यामुळे अहवाल असूनही त्याला कथनाची ओढ आहे.

आता त्या भेटीच्या खोलीत जाऊ. समोर बसलेला पुरुष पन्नाशी-साठीतला. त्याला काही त्रास होत नव्हता. आपल्या जनरल प्रॅक्टिशनरच्या यादीत त्याचं नाव होतं म्हणून बोलावणं आलं. रक्तातलं पीएसए तपासलं, ते वाढलेलं निघालं, बायॉप्सी झाली, आणि कालपर्यंत धडधाकट असलेल्या माणसाला कळलं की आपल्याला कॅन्सर आहे, पण ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही. आता तीन मार्ग. ऑपरेशन करून ग्रंथी काढली तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता या दोन्हींना धोका. रेडिओथेरपीने आतड्यांचे त्रास होऊ शकतात. लक्ष ठेवून राहिलं तर हे दोन्ही टळतं, पण कॅन्सर मधल्या काळात पसरला तर? यांतला सरस मार्ग कोणता, ते तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. हे सगळं त्याला नीट समजावायचं आणि शेवटी विचारायचं, की यांतला कोणता तुम्हाला मिळावा, हे रँडमायझेशनवर सोडाल का?

संशोधकांनी या भेटी टेप केल्या. रुग्णांच्या सविस्तर मुलाखतीही घेतल्या. एकाच संभाषणाच्या दोन्ही बाजू त्यांच्या हाती आल्या: खोलीत काय बोललं गेलं, आणि ऐकणारा काय घेऊन घरी गेला. निबंधातला खरा ऐवज या दोहोंमधल्या अंतरात आहे.

पहिली गोष्ट सापडली ती क्रमाची. बोलणारे आधी ऑपरेशन सांगत, मग रेडिओथेरपी, दोन्ही तपशिलात, आणि मग शेवटी, उरल्यासुरल्यासारखी, लक्ष ठेवण्याची गोष्ट थोडक्यात उरकत. तिन्ही पर्याय सारखेच आहेत असं तोंडाने म्हणत, पण वेळेच्या वाटपातून आणि आवाजातल्या उत्साहातून भलतंच सांगून जात. खोटं कुणीच बोलत नव्हतं. रुग्ण मात्र हे वाटप बरोबर वाचत होता. ज्याच्याबद्दल डॉक्टर इतकं थोडं बोलतात तो पर्याय नावापुरताच असणार, हे ओळखायला त्याला वैद्यकशास्त्र यावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. इथे निबंध मला सर्वांत जास्त आवडतो, कारण त्यात पकडलेले शब्द सगळे निरपराध दिसणारे आहेत. लक्ष ठेवण्याच्या पर्यायाला यूरॉलॉजीत तेव्हा ‘वॉचफुल वेटिंग’ म्हणत. डॉक्टरांच्या मनात त्याचा अर्थ सावधपणे थांबणं असा होता. कॅन्सर झालेल्या माणसाला ऐकू आलं, की हे लोक काहीही न करता मी मरेपर्यंत नुसते बघत बसणार. ‘ट्रायल’ या शब्दाची तर आणखी वेगळी तऱ्हा. डॉक्टरांना तो साऱ्या अभ्यासासाठी हवा होता, रुग्णांपैकी काहींनी तो करून बघू, जमलं तर जमलं, अशा अर्थाने घेतला आणि लक्ष ठेवण्याच्या पर्यायालाच चिकटवला. म्हणजे ट्रायलमध्ये या असं सांगितलं की त्यांना वाटे, आपल्याला बिनउपचाराचं ठेवणार आहेत. तिसरं उदाहरण दहा वर्षांच्या हिशेबाचं. या आजारात दहा वर्षं जगण्याचं प्रमाण चांगलं आहे, हे वाक्य धीर देण्यासाठी होतं. ऐकणाऱ्याने त्यातलं ‘दहा वर्षं’ तेवढं उचललं आणि आपल्या आयुष्याला कुंपण पडलं असं धरून घेतलं.

अनुभवी डॉक्टरांना आपले शब्द नवे वाटत नाहीत, म्हणून ते त्यांना दिसतही नाहीत. दिवसाला दहा वेळा उच्चारून त्यांची धार गेलेली असते. रुग्ण तो शब्द आयुष्यात प्रथमच, आणि तोही स्वतःबद्दल, ऐकत असतो. टेपच्या रूपाने आपलंच बोलणं बाहेरून ऐकण्याची संधी या डॉक्टरांना आणि नर्सना मिळाली. ती त्यांनी घेतली, दुसऱ्या कुणाला आपलं बोलणं तपासू दिलं, हे सोपं नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेरा चालतो म्हणणारे सर्जनही कन्सल्टिंगच्या खोलीत रेकॉर्डर म्हटलं की चुळबुळतात.

तिसरी अडचण सर्वांत खोल. कोणता उपचार सरस ते मला माहीत नाही, असं रुग्णासमोर मनापासून म्हणता येणं. संशोधनाच्या भाषेत याला इक्विपॉइज म्हणतात. कागदावर तो असतोच, त्याशिवाय चिठ्ठी टाकणं अनीतीचं ठरेल. पण ज्याने आयुष्य ऑपरेशन करण्यात घालवलं, त्याच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द निघतात तेव्हा त्यांच्यामागे एक ‘तरीपण’ उभा असतो. टेपवर तो ऐकू येत होता. तिन्ही उपचार सारखे आहेत असं सांगताना बोलणाऱ्यांची अडखळ होत होती, रँडमायझेशनचा विषय काढताना त्यांना अवघडल्यासारखं होत होतं, आणि त्या अवघडलेपणातून रुग्ण आपला निष्कर्ष काढत होते. डॉक्टरांना खरं तर ठाऊक आहे, सांगत नाहीत इतकंच.

यावर केलेले उपाय कथेसारखे नाट्यमय नाहीत, म्हणूनच पटतात. लक्ष ठेवण्याचा पर्याय आधी सांगायचा आणि बाकीच्या दोहोंइतकाच सविस्तर. ‘ट्रायल’ऐवजी ‘स्टडी’ म्हणायचं. दहा वर्षांच्या टक्केवारीऐवजी सांगायचं, की हा कॅन्सर असलेले बहुतेक पुरुष आजारासकट दीर्घकाळ जगतात. रुग्णाचा कल कुठे आहे ते उघड विचारायचं, त्यावर बोलायचं, आणि चिठ्ठीचा विषय त्यानंतर काढायचा. ‘वॉचफुल वेटिंग’ला ‘अॅक्टिव्ह मॉनिटरिंग’ म्हणायचं.

या शेवटच्या बदलापाशी चिकित्सक वाचक थबकेल, आणि थबकावं. हे नुसतं गोड नाव देणं झालं नाही का? निबंधाने याचं उत्तर नाव बदलताना पर्यायही बदलून दिलं आहे. मोठ्या ट्रायलमध्ये या गटाचं पीएसए पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा ते बारा महिन्यांनी तपासलं जाई. बारा महिन्यांत ते निम्म्याने वाढलं की पुन्हा तपासणी आणि फेरविचार. ज्याला ‘अॅक्टिव्ह’ म्हटलं त्यात करण्यासारखं खरोखर काहीतरी होतं. नाव आधी फसवं होतं, बदलल्यावर ते वस्तूशी जुळलं.

परिणाम एका ओळीत सांगता येतो. चिठ्ठीला होकार देणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. तिन्ही उपचार रुग्णांना स्वीकारार्ह वाटू लागले. लक्ष ठेवण्याचा पर्याय रँडमायझेशनमध्ये घालणं जमेल का, ही सुरुवातीची शंका होती. अभ्यासाच्या शेवटी तिन्ही पर्यायांची ट्रायल हाच पसंतीचा आराखडा ठरला.

निबंधाचा दोष इथेच सांगायला हवा. ४० ते ७० ही आधी आणि नंतरची तुलना आहे, शेजारी तुलनेसाठी दुसरा गट नाही. बोलणाऱ्यांचा हात एव्हाना बसला असेल, सराव झाला असेल, त्याचा वाटा किती आणि शब्द बदलण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. अनेक बदल एकत्र केल्यामुळे त्यांतला कोणता लागू पडला तेही कळत नाही. चिठ्ठीचं माहात्म्य सांगणाऱ्या संशोधकांनी आपल्या मुख्य दाव्यासाठी चिठ्ठी वापरलेली नाही, यात थोडा विनोद आहे.

त्याच अभ्यासात दुसऱ्या एका प्रश्नासाठी त्यांनी ती वापरली, आणि तो किस्सा माझ्या फार आवडीचा आहे. रुग्णाशी ही बोलणी कुणी करावी, सर्जनने की नर्सने? वादाचा निकाल अधिकाराने न लावता त्यांनी रुग्णांना चिठ्ठी टाकून दोघांत वाटलं. १६७ पुरुषांपैकी १५० या वाटणीला तयार झाले. सर्जनांकडे ७१ टक्के होकार आले, नर्सकडे ६७. हा फरक योगायोगाच्या कक्षेतला. नर्स जास्त वेळ देत, तरी एकूण खर्च सर्जनांचाच जास्त पडला. एवढ्या माहितीवर मोठ्या ट्रायलची मनुष्यबळाची आखणी करता येते. पायलटने अशीच कामं करावीत.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. होकार वाढवण्याचं हे तंत्र म्हणजे विक्रेत्याची भाषा तर नव्हे? मला तसं वाटत नाही, त्याचं कारण निबंधातच आहे. ज्या नकारांवर त्यांनी काम केलं ते गैरसमजातून आलेले नकार होते. आपल्याला उपचाराविना सोडणार, असं समजून ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाने माहिती घेऊन निर्णय केला असं म्हणता येत नाही. समजून उमजून नकार देण्याची वाट शेवटपर्यंत मोकळी होती. नको म्हणणाऱ्यांनी आपला उपचार स्वतः निवडला आणि त्यांचाही पाठपुरावा झाला. तरी हेच तंत्र औषध कंपनीच्या घाईत असलेल्या भरती-प्रतिनिधीच्या हाती पडलं तर काय होईल, ही काळजी निबंध पूर्ण मिटवत नाही. रुग्णाच्या मुलाखतींची अर्धी बाजू गाळून फक्त बोलण्याची अर्धी उचलली, तर उरेल ती विक्रीकलाच.

पूर्वतयारी चांगली झाली म्हणजे उत्तर आपल्याला हवं तेच येईल, असंही नाही. आपल्या शेजारी गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नैराश्य आणि चिंतेच्या विकारांसाठी मानस नावाची ट्रायल केली. प्राथमिक आरोग्य सेवेत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून उपचार द्यायचे होते. आधी स्थानिक डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांशी बोलणी, मग थोड्या ठिकाणी करून पाहणं, त्यातून आराखड्यात बदल, अशी तयारी झाली. तिचा लेख २००८मध्ये आला. मग १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखान्यांत मुख्य ट्रायल झाली, तिचे निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ४२.५. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ही सेवा दोन्हीकडे चालवता येते, इथवर तयारी सांगू शकत होती. ती कुठे उपयोगी पडते, ते मुख्य ट्रायलनेच सांगायचं होतं.

प्रोटेक्टचं पुढे काय झालं, हे २००२च्या निबंधात अर्थातच नाही, पण ते माहीत असताना तो वाचण्याची चव निराळी. १९९९ ते २००९ या काळात ८२,४२९ पुरुषांचं पीएसए तपासलं गेलं. ग्रंथीपुरता कॅन्सर २६६४ जणांत सापडला, आणि त्यांतले १६४३ जण चिठ्ठीला तयार झाले. म्हणजे सुमारे ६२ टक्के, नऊ केंद्रांत, दहा वर्षांत. पायलटमधली ७० टक्क्यांपर्यंतची उडी काही महिन्यांच्या उत्साहापुरती नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मागता येणार नाही. आधी-नंतरच्या तुलनेवर मी घेतलेला आक्षेप या आकड्यापुढे बराच बोथट होतो, हेही मान्य करायला हवं. मध्यक धरला तर १५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, मार्च २०२३मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. १६४३ पैकी ३५६ जण वेगवेगळ्या कारणांनी वारले होते. प्रोस्टेट कॅन्सरने वारले ते ४५: लक्ष ठेवलेल्या गटात १७, ऑपरेशनच्या गटात १२, रेडिओथेरपीच्या गटात १६. मृत्यूंमध्ये भरवसा ठेवावा असा फरक नाही. कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के, बाकीच्या दोन गटांत ४.७ आणि ५. म्हणजे ‘माहीत नाही’ असं सांगणारे खरं बोलत होते. या आजारात बहुतेक पुरुष दीर्घकाळ जगतात, हे रुग्णांसाठी नव्याने घडवलेलं वाक्यही खरं ठरलं.

पायलट अभ्यासाच्या व्याख्या, नमुन्याचा आकार, पुढे जाण्याचे निकष, यांवर या निबंधानंतर पुष्कळ आणि अधिक काटेकोर लेखन झालं. त्यातलं बरंचसं उपयुक्त आहे. पण संशोधकांनी आपलंच बोलणं इतक्या निष्ठुरपणे तपासल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत हा निबंध संशोधन पद्धतीच्या तासाला लावतात तिथे लावोत. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात, रुग्णाची संमती कशी घ्यायची हे शिकवताना, तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.